लेसिकच्या दिवशी नेमकं काय काय होतं? पुढच्या गुरुवारी माझा नंबर आहे

अमळनेरची_पोर

नमस्कार मंडळी. पुढच्या गुरुवारी नाशिकला माझ्या दोन्ही डोळ्यांचं लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन आहे. वय २४, उजवा -४.५, डावा -५, चौथीपासून चष्मा. दोन वर्षं झाली नंबर हललेला नाही, सगळ्या तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) चांगला जाड आहे, फेमटो लेसिक करू, म्हणजे चीर पण पात्याऐवजी लेझरनेच. तिथपर्यंत मी एकदम बिनधास्त होते, पण तारीख मिळाल्यापासून झोप उडालीये आणि घरात ज्याला त्याला काहीतरी माहितीये. बाबा म्हणतात डोळ्यात सुई देतात, शेजारच्या काकू म्हणतात त्यांच्या भाच्याला पंधरा दिवस पट्टी होती (नंतर कळलं ते मोतीबिंदूचं होतं आणि भाच्याचं नाही, भाच्याच्या सासऱ्यांचं), आणि आजीचं रोज सकाळी एकच, "अय माय, डोयाले काई व्हई गयं ते?"

व्हिडिओ बघायला गेले तर पहिल्याच मिनिटाला बंद केला. त्यामुळे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, दवाखान्यात पाय ठेवल्यापासून घरी येईपर्यंत काय काय होतं. सुई असते का खरंच? मध्येच डोळा मिटला तर? शिंक आली तर? हे गमतीत विचारत नाहीये, मी सेतू केंद्रात बसते, शेजारी धान्याचं दुकान आहे, दिवसाला वीस शिंका ठरलेल्या. शिवाय गुरुवारी माझा उपवास असतो, उपाशी पोटी गेलं तर चालतं की खाऊन जायचं? आणि संध्याकाळी धुळ्याची एसटी धरून परत येता येईल का? नाशिकला मामा आहेत पण त्यांच्याकडे सध्या पाहुणे आहेत. आणि हो, ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी होळी.


तापीकाठचा_भो

ताई, मी दोंडाईचाचा, मागच्या जानेवारीत केलं, -६ होता, फेमटोच. सगळं सांगतो, थोडं लांबेल.

पहिलं म्हणजे वेळ. मला दहाला बोलावलं होतं, मी साडेनऊलाच हजर, आणि आत घेतलं साडेबाराला. हे कोणी सांगत नाही आणि त्या तीन तासातच माणूस अर्धा होतो. तेवढ्यात एकदा परत मशीनवर डोळा तपासतात, मग एक फॉर्म देतात सही करायला. तो वाचला आणि मला पळून जावंसं वाटलं, त्यात डोळ्याचं जगात जे जे वाईट होऊ शकतं ते सगळं छापलेलं असतं. वाचावा मात्र, आणि शंका असेल तर तिथेच विचारावी, नंतर कोणाला वेळ नसतो.

मग थेंब सुरू. सुई नाही. परत लिहितो, सुई नाही, बाबांना दाखव. फक्त थेंब, पहिला झोंबतो, दुसरा कमी झोंबतो, तिसरा पडला का नाही हे पण कळत नाही, म्हणजे सुन्न झालं समजायचं. टोपी, गाऊन, डोळ्याभोवती ते तपकिरी औषध लावून पुसतात. आत एसी इतका की मी जानेवारीतला माणूस कुडकुडलो. आतून बनियनवर एखादा पूर्ण बाह्यांचा, पुढून बटणांचा शर्ट घाल म्हणजे कुर्ता असेल तर तसा, डोक्यातून ओढायचं काही नको कारण परत येताना ते डोळ्याला घासतं.

बेडवर आडवं झालं की एक डोळा झाकतात, दुसऱ्याच्या पापण्यांत एक तारेची क्लिप बसवतात. दुखत नाही पण विचित्र वाटतं. तुझा डोळा मिटायचा प्रश्न इथेच संपला, मिटायचा म्हटलं तरी मिटत नाही.

आता खरी जागा. डोळ्यावर एक गोल रिंग ठेवतात आणि ती दाबते. कोणीतरी छोटी वाटी पालथी घालून हळूहळू जोर देतंय असं. आणि दाबता दाबता दिसणं बंद होतं. आपल्याकडे लोडशेडिंगला जायची ना लाइट, तसं, आधी पिवळं, मग करडं, मग काहीच नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं आणि त्या वीस सेकंदात मी माझ्या सगळ्या पापांची माफी मागून घेतली भो. डॉक्टर मोठ्याने आकडे सांगत होते, वीस, पंधरा, दहा, झालं. दाब गेला, लाइट आली. तुला आधी माहीत असलं की काहीच वाटणार नाही.

मग दुसऱ्या मशीनखाली सरकवतात. तिथे हिरवा लुकलुकता दिवा, त्याच्याकडे बघत राहायचं. रिंगच्या वेळी पहिल्या लेझरने कॉर्नियाची वरची पातळ पापुद्र्यासारखी चकती कापलेली असते, डॉक्टर ती उचलतात तेव्हा तो दिवा फुटतो. लहानपणी विहिरीत बुडी मारून पाण्याखालून वर बघितलंय का? सूर्य कसा पसरट होऊन हलतो, अगदी तसं. मग लेझर, टक टक टक टक, गॅसच्या लायटरसारखा आवाज, आणि वास येतो. केस जळल्यासारखा. मला वाटलं गेला डोळा. माझ्या प्रत्येक डोळ्याला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी लागलं. मग पाणी मारून चकती परत बसवतात, वरून ओल्या ब्रशसारखं काहीतरी फिरवतात, मोबाइलवर स्क्रीनगार्ड बसवताना बुडबुडा काढतात तसं. की दुसरा डोळा.

उठून बसलो, सगळं धुरकट, न्हाणीघरात वाफ साचते तसं. पण त्या धुरकटातून सिस्टरच्या कपाळावर हिरवी टिकली दिसली. आत जाताना तिला टिकली आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर अर्ध्या तासाने थेंबांचा असर उतरतो आणि मग जे झोंबतं ते झोंबतं. लोक म्हणतात कांदा कापल्यासारखं. कांदा नाही, ठेचा कुटलेल्या हाताने डोळा चोळला तसं. चार तास. नुसतं पाणी. उपाय एकच, डोळे मिटून झोपणे. संध्याकाळी सातला उठलो तर नव्वद टक्के गेलेलं होतं.


चष्मिश_जळगाव

ठेचा कुटलेला हात, वा भो. आता ती बाई करेल का ऑपरेशन.


तापीकाठचा_भो

खोटं सांगून पाठवायचं का मग


रिफ्रॅक्शनवाला_धुळे

मी डॉक्टर नाही, डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढतो, सहा वर्षं झाली, रोज दोन-चार लेसिकवाले समोर बसतात म्हणून थोडं लिहितो. वरच्या भाऊंनी अनुभव बरोबर सांगितलाय, मी फक्त का ते सांगतो.

शिंक. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकजण विचारतो आणि विचारताना हसतो. लेझरच्या मशीनला ट्रॅकर असतो, डोळा थोडा हलला तर किरण त्याच्या मागे जातो, जास्त हलला तर मशीन स्वतः थांबतं, शिवाय डॉक्टरांचा पाय पेडलवर असतो, पाय काढला की बंद. शिंक येतेय असं वाटलं तर डोकं न हलवता बोलायचं, "डॉक्टर, शिंक." ते थांबतात, तू शिंकतेस, मग पुढे सुरू. रिंग लावलेली असताना जोरात हललीस तर दाब सुटू शकतो, तेव्हा ते थांबून पुन्हा लावतात किंवा वेळ पडली तर त्या दिवशी करत नाहीत. रिंगची वीस-तीस सेकंदं तेवढी पुतळा हो. सर्दी असेल तर मात्र आदल्या दिवशी फोन करून सांग, तारीख पुढे गेली तरी चालेल. आणि शिंकांची गोळी घेत असशील तर तेही सांग, त्या गोळ्यांनी डोळा कोरडा पडतो.

उपवास. हे पोटाचं ऑपरेशन नाही, पूर्ण भूल देत नाहीत, नुसते सुन्न करायचे थेंब, त्यामुळे उपाशी राहायची काही गरज नाही, उलट उपाशी माणूस भीतीने चक्कर येऊन पडतो, मी स्वतः दोघांना धरलंय. साबुदाण्याची खिचडी खा, केळं खा, पण खाऊन ये. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर ते ऐकायचं.

सेंट, डिओ, अत्तर, पावडर, काजळ काही नको. काजळ तर दोन-तीन दिवस आधीच बंद, पापणीच्या मुळाशी ते बसलेलं असतं आणि साबणाने जात नाही. सेंटची वाफ लेझरच्या वाटेत नको म्हणून तेही नको, सोबत येणाऱ्यानेही मारू नये. आदल्या दिवशी डोक्यावरून स्वच्छ अंघोळ करून घे, नंतर आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणजे केस धुणं अवघड. डोक्याला तेल लावून येऊ नकोस, आमच्याकडे खेड्यावरून येणाऱ्या बायका हमखास चपचपीत तेल लावून येतात, देवाला जाताना लावतात तसं. आणि लेन्स वापरत असशील तर सॉफ्ट लेन्स किमान आठवडा-दोन आठवडे आधी बंद असली पाहिजे, लेन्सने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, मग मापच चुकतं.

तुझ्या नंबराचं गणित सांगतो, भीती कमी होईल. साधारण कॉर्निया ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो. चकती ११० धरू. एका नंबराला मोटामोटी १२ ते १५ मायक्रॉन घासावं लागतं, म्हणजे ५ नंबराला ७० च्या घरात. ५४० मधून ११० आणि ७० गेले, खाली ३६० राहिले. निदान २५० तरी खाली राहिलं पाहिजे, बरेच डॉक्टर ३०० धरतात. तुझा नेमका आकडा रिपोर्टवर असतो, काढून बघ.

आणि तो वास. तो जळल्याचा नाही. हा लेझर १९३ नॅनोमीटरचा, अल्ट्राव्हायोलेट, तो ऊती भाजत नाही, रेणूंची बंधनंच तोडतो आणि तेवढा थर वाफ होऊन उडतो, त्या वाफेचा वास. याच्या शोधात आपला माणूस आहे बरं का, मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन, अमेरिकेत आयबीएममध्ये होते, १९८१ साली त्यांनी थँक्सगिव्हिंगच्या जेवणातली उरलेली टर्की नेऊन तिच्यावर हा लेझर मारून बघितला, काप एकदम स्वच्छ, आजूबाजूला करपलेलं काही नाही. उरलेल्या कोंबडीवरनं लेसिकपर्यंत. पेशंट घाबरला की मी ही गोष्ट सांगतो, अर्धे हसतात, अर्धे अजून घाबरतात.

शेवटचं, झोंबतं म्हणून सुन्न करायचा थेंब घरी न्यायला मागू नकोस. तो वारंवार टाकला तर कॉर्निया भरत नाही, उलट खराब होतो.


अमळनेरची_पोर

दादा खूप खूप धन्यवाद. रिपोर्ट काढून बघितला, ५५२ आणि ५४८ आहे. बाबांना तुमचं गणित वाचून दाखवलं, ते आता शेजारच्या काकूंना मायक्रॉन समजावू राहिले.

परत यायचं काय मग? त्याच दिवशी नको का?


चाळीसगावची_मावशी

अगं पोरी, त्याच दिवशी अजिबात नको. मी सोबत गेलेली बाई आहे, माझ्या मुलाचं झालं मागच्या डिसेंबरात, म्हणून सोबतच्या माणसाच्या बाजूने सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला बोलावतातच, ती चकती नीट बसली का, कुठे सुरकुती नाही ना ते बघतात. म्हणजे आज अमळनेरला येऊन उद्या पहाटे परत नाशिक, कोणी सांगितलंय. मामांकडे पाहुणे असतील तर असू देत, तुला काय पाट-रांगोळी लागणार आहे का, एक अंधारी खोली आणि एक गादी. नाहीतर दवाखान्याजवळच्या लॉजवर राहा, आम्ही तेच केलं, फक्त खोली बघताना पडदा जाड आहे का ते बघ. आमच्या खोलीचा पडदा पातळ, मी माझी चादर खिडकीला टाचणीने लावली.

मुलगा बाहेर आला तेव्हा काळा चष्मा, नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि मला म्हणतो आई रिक्षाचा नंबर दिसतो गं. आणि पाचच मिनिटांत रडायला लागला, झोंबतंय म्हणून, २३ वर्षांचा घोडा. मी घाबरले, दवाखान्यात फोन केला, ते म्हणाले काकू हे होतंच, दिलेली गोळी द्या आणि झोपवा. चार तास झोपला. त्यामुळे जेवण आधीच बांधून ठेवायचं, मी दशम्या नेल्या होत्या, उठल्या उठल्या दोन खाल्ल्या.

थेंबांचं काम सोबतच्या माणसानेच अंगावर घ्यावं. तीन बाटल्या असतात, एक अँटिबायोटिकची, एक स्टेरॉइडची, एक नुसत्या अश्रूंसारखी. दोन थेंबांच्या मधे पाच मिनिटं जायला हवीत नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मी वहीत तक्ता केला, टाकला की खूण. बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही. टाकायच्या आधी हात धुवायचे, प्रत्येक वेळी, कंटाळा नाही करायचा. रात्री झोपताना ते प्लास्टिकचे पारदर्शक कप डोळ्यावर चिकटपट्टीने लावायचे, आठवडाभर, कारण झोपेत माणूस डोळे चोळतो आणि चकती सरकू शकते.

आणि घरी आल्यावर स्वयंपाकघर. हे डॉक्टर सांगत नाहीत कारण डॉक्टर फोडण्या देत नाहीत. मुलगा येऊन तिसरा दिवस, मी शेवभाजीचा मसाला भाजायला घेतला, खोबरं कांदा झाला, मिरच्या टाकल्या आणि जो ठसका उठला, तो हॉलमधून ओरडला, डोळे मिटून भिंत धरून अंगणात गेला. काही झालं नाही पण मी दिवसभर स्वतःला बोल लावला. आईला सांगून ठेव, पंधरा दिवस मिरची भाजायची नाही, ठेचा शेजारी कुटायचा. तुमच्याकडे गव्हाची मळणी सुरू होईल आता, मळ्यात जायचं नाही. होळीला घरात बसायचं, रंग तर नाहीच, होळीजवळ धुरात पण नाही.


शहाद्याचा_आप्पा

सगळ्यांचं चांगलं झालं म्हणून लिहिताय, माझं पण शेवटी चांगलंच झालं पण वेगळ्या रस्त्याने, ते पण कोणी वाचत असेल तर उपयोग होईल.

माझा कॉर्निया पातळ निघाला, ४८० च्या आसपास. म्हणून चकतीचं नाही, पीआरके केलं, म्हणजे वरची पातळ साल काढतात, चकती करतच नाहीत, लेझर थेट वरून, आणि जखमेवर एक लेन्स बसवतात पट्टीसारखी, ती पाच दिवसांनी काढतात. ते ऑपरेशन टेबलावर लेसिकपेक्षा सोपं, रिंग नाही, अंधार नाही. मी हसत बाहेर आलो. सोबतच्याला म्हटलं चल मिसळ खाऊ.

दुसऱ्या रात्री कळलं. चार तासांचं नाही हे, तीन दिवस. खोलीत अंधार, मोबाइलची स्क्रीन लागली तरी सुरी खुपसल्यासारखं. आणि नजर? लेसिकवाले दुसऱ्या दिवशी पाट्या वाचतात, मला महिनाभर सगळं पुसट, व्यवस्थित यायला तीन महिने गेले. माझं भांडण पीआरकेशी नाही, त्याने डोळा वाचला, माझं भांडण त्या दवाखान्याशी, नाव नाही घेत, मला काउंटरवरच्या पोरीने सांगितलं होतं "सर सोमवारी ऑफिस." म्हणून मी सोमवारपासूनची रजाच टाकली नव्हती. सारंगखेड्याची यात्रा चालू, माझी ड्युटी तिकडे, धुळीत. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणून ताई, विचारून घे एकदा स्पष्ट, माझं नक्की कोणतं, आणि त्याला किती दिवस. स्माइल म्हणून तिसरं पण असतं, त्यात चकती नसते, बारीक चिरेतून आतला तुकडा काढतात. प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

आणि कोरडेपणा धर. चकतीने वरच्या नसा कापल्या जातात, त्या भरेपर्यंत डोळा कोरडा, काही महिने. तू कॉम्प्युटरवर बसतेस, आपला मे महिना ४४-४५ डिग्री, कूलर थेट तोंडावर घेऊन झोपू नकोस.


भुसावळ_जंक्शन

दोन गोष्टी, ऑपरेशनच्या दिवसाशी संबंध नाही पण इथे कोणी भरतीची पोरं वाचत असतील म्हणून. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या मेडिकलला लेसिक केलेलं चालत नाही. आमच्या ओळखीच्या एका मुलाने चष्मा आहे म्हणून नापास होईन या भीतीने लेसिक केलं आणि त्यामुळेच नापास झाला. कोणतीही वर्दीची भरती असेल तर आधी जाहिरातीतली मेडिकलची अट वाचा, मग डोळे.

दुसरं, मेडिक्लेम. नंबर ७.५ च्या आत असेल तर आरोग्य विमा याचे पैसे देत नाही, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं. तुझा ५ आहे, म्हणजे खिशातून. बिल सांगतात त्यात थेंब, काळा चष्मा आणि पुढच्या तपासण्या धरल्यात का विचार.


चष्मिश_जळगाव

आणि चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागतोच, लेसिक केलं तरी. माझ्या दाजींनी ३८ व्या वर्षी केलं, मोठी पार्टी दिली, आता पेपर हात लांब करून वाचतात. हात पुरत नाही आता.


अमळनेरची_पोर

झालं माझं!! आज पाचवा दिवस, स्क्रीन जास्त बघायची नाही म्हणून चुलतभाऊ टाइप करतोय, मी बोलतेय, चुका त्याच्या.

वेळ: अकराला बोलावलं, दीडला आत. तापीकाठच्या दादांनी सांगितलं म्हणून आम्ही डबा घेऊन गेलो, मी साबुदाणा वडे खाऊन बसले होते, शेजारी एक मुलगा उपाशी आला होता, त्याला बाबांनी दोन वडे दिले.

शिंका बाहेर बसले होते तेव्हा अकरा आल्या. मोजल्या. आत एकही नाही. आत मला स्वतःचं नाक आहे हेच आठवलं नाही.

रिंगचा अंधार आला तेव्हा मी मनात लोडशेडिंग लोडशेडिंग म्हणत होते. दिसणं गेलं तरी कान चालू होते, डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "छान बसलंय", त्याने एकदम धीर आला. पहिला डोळा सोपा गेला. दुसरा अवघड, कारण आता पुढे काय होणार ते सगळं माहीत असतं, आणि झाकलेल्या पहिल्या डोळ्यातून पाणी कानात जात असतं आणि पुसता येत नाही. त्या कानातल्या पाण्याने मला ऑपरेशनपेक्षा जास्त छळलं, खरं सांगते. सिस्टरला सांगितलं तर तिने कापसाचा बोळा ठेवला कानाशी. सांगायचं असतं हे मला उशिरा सुचलं.

झोंबणं ठेच्याएवढं नाही, कांद्याएवढंच. तापीकाठचे दादा जरा नाजूक असावेत.

मामांकडे राहिले. पाहुण्यांनी स्वतःहून आतली खोली दिली, आणि त्यांतल्या एका आजोबांनी दर अर्ध्या तासाने दारात येऊन "दिसतं का बेटा" विचारलं, झोपू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तपासणीत दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ वाचली. परत येताना मालेगावच्या पुढे अंधार पडला आणि समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लाइटभोवती मोठी मोठी वर्तुळं, दिवाळीच्या भुईचक्रासारखी. डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, काही आठवड्यांत कमी होतात म्हणे. गाडी चालवणाऱ्यांनी रात्रीची लगेच चालवू नका एवढं मात्र सांगेन.


रिफ्रॅक्शनवाला_धुळे

छान. आठवड्याच्या तपासणीला नक्की जा, चांगलं दिसतंय म्हणून लोक येतच नाहीत. स्टेरॉइडचा थेंब स्वतःच्या मनाने बंद करायचा नाही आणि जास्त दिवस चालू पण ठेवायचा नाही, डोळ्याचं प्रेशर वाढतं. सांगितलंय तेवढेच दिवस.


चाळीसगावची_मावशी

होळीला घरातच ना गं?


अमळनेरची_पोर

घरातच काकू. आज होळी, सगळे चौकात गेलेत, मी ओसरीवर काळा चष्मा लावून. आई मागच्या अंगणात चुलीवर खापर ठेवून मांडे करतेय, मला उंबऱ्याच्या पुढे येऊ देत नाहीये धुरामुळे. इथून चूल वीस-पंचवीस पावलं असेल. मांडा हातावरून खापरावर टाकला की त्याला फोड येतात ना बारीक बारीक, ते एकेक दिसू राहिले, आणि एका जागी पुरण पातळ झालंय तिथून खालचं काळं दिसतंय. आईला इथूनच ओरडून सांगितलं, डावीकडे फाटतोय. ती म्हणाली तोंड बंद कर आणि थेंब टाकले का ते सांग.

टाकते. पाच वाजून गेले.